पुतणीच्या नावाने शिकलेला टाका

सकाळी साडेसात ते साडेआठ हा आमच्या घरातला असा तास, की साक्षात देव दारात आला तरी त्याला "जरा थांबा, दूध वर येतंय" असं सांगावं लागेल. त्या दिवशीही दूध गॅसवर होतं, पाव तव्यावर होता, धाकटीने न्हाणीघर अडवलं होतं आणि आमचे हे एका पायात मोजा घालून दुसऱ्याच्या शोधात घरभर लंगडी घालत होते.

"काळा मोजा कुठे ठेवलास?"

"मी कशाला ठेवू? माझ्या पायाला येत नाही तो."

एवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असताना टकटक, आणि तीही इतकी हळू, की कुणाला ऐकू जाऊ नये म्हणूनच केली असावी.

दारात गायबकाका उभे होते.

हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. कोपऱ्यावर, किल्ल्या बनवणारा आणि लाँड्री यांच्यामध्ये, दीड दार रुंदीचं त्यांचं रफूचं दुकान आहे. एक खिडकी, खिडकीखाली पाय कापून बुटकी केलेली खुर्ची, भिंतीवर हँगरांची रांग. पंचेचाळीस वर्षं हा माणूस त्या खुर्चीत बसून लोकांच्या कपड्यांवरची भोकं गायब करत आला. आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढायचे आणि एक उभा, एक आडवा असे विणत जायचं. काम झालं की गिऱ्हाइकासमोर कोट पसरून म्हणायचे, "शोधा आता. सापडलं तर फुकट." गिऱ्हाईक कोट उजेडात धरायचं, उलटा करायचं, नुसता वास घ्यायचं तेवढं बाकी ठेवायचं. आणि हात टेकायचं.

असा माणूस सकाळच्या घाईत माझ्या दारात, हातात रिकामी पिशवी घेऊन.

"साहेब घरात आहेत का?"

"आहेत की. बोलावू?"

"नको नको. मग मी नंतर येतो."

"काका, काम काय आहे ते तरी सांगा."

त्यांनी जिन्याकडे वर पाहिलं, खाली पाहिलं. मग चोरीचा माल मागावा तशा आवाजात म्हणाले, "ते तुमचं जपानी."

मला हसू आवरेना, पण आवरलं. त्याला कारण होतं. वर्षभरापूर्वी मी साशिको शिकले. साशिको म्हणजे जपानी लोकांची कपडे मजबूत करायची जुनी रीत. शब्दाचा अर्थच मुळी 'छोटे टोचे'. विरलेल्या जागेखाली दुसरं कापड ठेवायचं आणि जाड पांढऱ्या दोऱ्याने वरून धावदोरा घालत जायचं, ओळीमागून ओळ. थोरल्या बहिणीने पाठवलेलं एक पुस्तक, चार व्हिडिओ आणि सुईने भोसकलेली बोटं एवढ्या भांडवलावर मी धाकटीच्या जीन्सचा गुडघा सांधला आणि हौसेने काकांना दाखवायला दुकानात घेऊन गेले. दुकानात चार माणसं होती. काकांनी जीन्स हातात घेतली, पालथी केली, परत सुलटी केली आणि म्हणाले, "वहिनी, भोक पडलं ते पडलं. त्याची दवंडी कशाला पिटायची?"

सगळे हसले. मीही हसले. घरी येईपर्यंत कान गरम होते.

आता तेच काका माझ्या उंबऱ्यावर बुटांकडे बघत उभे.

"तुम्हाला शिकायचंय?"

"मला कशाला? माझ्या पुतणीला. ती असते लांब. मी शिकून घेतो, मग तिला सांगतो."

मागे दूध उतू गेलं. ह्यांनी आतून ओरडून तसं जाहीरही केलं. गॅस बंद करण्याचं मात्र त्यांना सुचलं नाही. मी घाईघाईत म्हटलं, "उद्या अकराला या," आणि आत पळाले. ओटा पुसताना आठवलं, की हे गृहस्थ एकुलते एक. 'ना भाऊ ना बहीण, वाटणीचं भांडण करायलासुद्धा कुणी नाही,' हे त्यांनी मला स्वतःच्या तोंडाने किमान दहा वेळा सांगितलेलं होतं. पुतणी आणली कुठून?

पण विचारलं नाही. माणूस खोटं बोलताना एवढा अवघडला असेल, तर ते खोटं त्याच्यासाठी फार गरजेचं असणार, एवढं मला कळतं.

अकरा वाजता घर रिकामं असतं. काका मागच्या जिन्याने आले. त्यांना शिकवायचं म्हणजे माझ्याच तळव्यांना घाम. माझी विद्या एका वर्षाची आणि समोर पंचेचाळीस वर्षं मुरलेली बोटं. मी सुई ओवून हातात दिली, खडूने रेघा मारून दिल्या. साशिकोची सुई लांब असते. ती बोटाने ढकलायची नाही, मधल्या बोटाला लावलेल्या चामड्याच्या चकतीने तळहाताच्या जोराने ढकलायची. सुई जागच्या जागी धरायची आणि कापडच चुण्या घालत तिच्यावर चढवायचं. आठ-दहा टाके झाले की दोरा ओढायचा आणि कापड बोटांनी पसरून सैल करायचं.

ते सगळं त्यांना पाच मिनिटांत जमलं. जमेना ते वेगळंच. त्यांचा टाका मुंगीच्या डोळ्याएवढा.

"काका, मोठा घाला. तांदळाच्या दाण्याएवढा."

"एवढा मोठा?" एखाद्याने भर रस्त्यात शर्ट काढायला सांगावा, तसा चेहरा झाला त्यांचा.

दुसरी खोड ओढण्याची. ओळ संपून दुसरी सुरू होते तिथे मागच्या बाजूला दोऱ्याचा छोटा फास सैल सोडायचा असतो, नाहीतर कापड आखडतं आणि ताण पडला की दोरा तुटतो. काकांच्या हाताला सैल सोडणं ठाऊकच नव्हतं. वळणावर आले की बोटं आपोआप दोरा घट्ट करून टोक कापडाच्या पोटात दडवायची.

"सोडा, सोडा सैल."

"मागून दिसेल ना वहिनी."

"दिसू दे की. मागून कोण बघतंय?"

"मी बघतोय," काका म्हणाले.

चार-पाच दिवस असे गेले. अधूनमधून मी पुतणीची चौकशी करायचे, ते अगदी इमानेइतबारे उत्तर द्यायचे. पुतणीला घाई आहे. पुतणीचा हात तसा बरा आहे. "जरा हट्टी आहे पण," असं एकदा म्हणाले. मी म्हटलं, "घराण्यातच असेल." तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

सहाव्या दिवशी मी म्हटलं, आता घरून एक तुकडा पुरा करून आणा. दुसऱ्या दिवशी त्यांनी घडी घातलेला गडद निळा लोकरी तुकडा माझ्यासमोर ठेवला. मी उलगडला. कोरा.

"काका, टाके कुठायत?"

"घातलेत की. चारशे अकरा."

मी चष्मा लावला. तुकडा तिरका धरला. आणि मग मला जे हसू फुटलं ते थांबेना. या भल्या माणसाने त्याच कापडाच्या कडेतून निळे धागे ओढून काढले होते आणि निळ्यावर निळी साशिको केली होती. जगात कुणालाही ही चूक जमली नसती. ज्या कामाचा सगळा जीव दिसण्यात, ते त्यांनी गायब करून आणलं होतं.

काकाही हसत होते, पण कानकोंडे होऊन. "सवय हो वहिनी. हात ऐकत नाही."

मी तुकड्यावरून बोट फिरवलं. टाके हाताला लागले. पहिल्या दोन ओळी सरळ गेल्या होत्या. तिसरी चौथीवर चढली होती, पाचवी मध्येच संपून भलतीकडून सुरू झाली होती, आणि एका कोपऱ्यात एकाच जागी टाक्यांवर टाके पडून गाठ झाली होती. मी खिडकीशी गेले, परत पाहिलं. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. ज्या माणसाने केसाएवढे धागे मोजले, त्याला आपली ओळ कुठे चालली आहे हे कळलं नव्हतं. सुई ओवायला त्यांना किती वेळ लागला असेल, हे तर मनातही आलं नाही तेव्हा.

"काका, केव्हापासून दिसत नाही?"

त्यांनी चकती बोटातून काढली, परत घातली.

"दिसतं. मोठं दिसतं. तुम्ही दिसता. बारीक दिसत नाही." मग म्हणाले, "पुतणी नाहीये."

"माहीत आहे मला."

"साहेबांची ती राखाडी पँट तुम्ही घेऊन गेलात ना, तेव्हापासून."

आता खाली बघायची पाळी माझी होती. पाच महिन्यांपूर्वीची ती पँट. खिशाजवळ सुरकुती आली होती आणि रफू चांगलं वीतभर अंतरावरून दिसत होतं. मी काकांना काही बोलले नाही, 'छान झालंय' असंच म्हणाले. आणि घरी परतताना जिन्यात शेजारणीला म्हटलं, "काकांचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही हो." एकच वाक्य. पण जिन्यात बोललेलं वाक्य जिन्यात थोडंच राहतं.

"त्यानंतर तुमच्या इमारतीतून एक कपडा आला नाही," काका म्हणाले. त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. वारा पडला आहे, असं सांगावं तसं सांगितलं. त्यांना कळलं होतं का ते कुणाचं वाक्य होतं? मी अजून विचारलेलं नाही. एक शब्द तोंडावर बोलायची हिंमत नव्हती म्हणून मी तो पाठीमागे बोलले, आणि वर त्यांनाच तांदळाएवढा टाका शिकवत बसले होते.

मग त्यांनी पिशवीतून कोट काढला.

ड्रायव्हरबाईंचा कोट. शहराच्या बसगाड्यांवर पहिल्यांदा ज्या दोन-तीन बायका चालक म्हणून लागल्या, त्यांतल्या त्या एक. कामावर लागल्या त्या वर्षी मिळालेला हा गडद निळा लोकरी कोट त्यांनी तीस वर्षं जपला होता. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी त्यांची शेवटची पाळी. त्या दिवशी हाच कोट घालून गाडी चालवायची असं त्यांनी ठरवलं होतं. उजव्या कोपराला कसर लागून वाटाण्याएवढं भोक पडलं होतं, म्हणून तीन महिन्यांपूर्वी तो काकांकडे दिलेला.

आता भोक वाटाण्याएवढं नव्हतं. माझी मूठ आरपार गेली असती.

"एकाऐवजी दोन धागे उचलले गेले," काका सांगत होते. "ते सोडवायला गेलो तर शेजारचे सुटले. तेवढं कापून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. आभाळालाच ठिगळ लावत बसलो म्हणा ना. बाई येतात, मी म्हणतो, 'उद्या या.' परवा आल्या तेव्हा दुकानाचं दार आतून लावून खाली बसलो होतो. त्या बाहेरून हाका मारत होत्या. सदुसष्ट वर्षांचा माणूस, खुर्चीमागे."

हे सांगताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

"निळ्याच दोऱ्याने करतो," थोड्या वेळाने म्हणाले. "तुमचंच जपानी, पण निळ्याने. त्यांना कळणारही नाही."

"तो निळा तुम्हाला दिसेल का?"

मी पांढऱ्या दोऱ्याची लड त्या कोटाच्या बाहीवर ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत बाहीवर ठेवली.

"हा दिसतो," असं म्हणाले, आणि डोळे पुसले. मी स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले; त्या वेळी दुसरं काय करणार?

कोट पुरा व्हायला आठ दिवस लागले. आत गडद कापडाचा तुकडा लावला. मी रेघा मारून दिल्या, सुया ओवून दिल्या, बाकी सगळं त्यांनी केलं. मला बोट लावू दिलं नाही. तीनदा उसवलं, तिन्ही वेळा एकाच कारणाने: वळणावर दोरा घट्ट ओढला गेला होता. "कोपर आहे काका," मी म्हणायचे, "त्या स्टिअरिंग फिरवणार. आखडलं तर पहिल्याच वळणावर तुटेल." चौथ्या वेळी त्यांनी प्रत्येक वळणावर दोऱ्याखाली करंगळी घातली आणि ती काढून घेतल्यावर जेवढा सैल राहील तेवढा राहू दिला. पुस्तकात ही युक्ती नव्हती. आता दर शनिवारी माझ्याकडे साशिको शिकायला बायका येतात, त्यांना मी तीच शिकवते.

गुरुवारी संध्याकाळी ड्रायव्हरबाई येणार होत्या. मी मुद्दाम त्याच वेळी दोरा द्यायचं निमित्त करून दुकानात जाऊन बसले. काकांनी कोट हँगरला लावला होता. आणि बघते तर काय, सांधलेली बाही भिंतीकडे. मी काही म्हणायच्या आत बाई आल्याच. उंच, करड्या आवाजाच्या, खांद्याला जेवणाचा डबा.

"काय मास्तर, आज तरी आहे का 'उद्या'?"

काकांनी कोट काढून दिला. बाईंनी तो घातला, बाह्या ओढल्या आणि उजवं कोपर बघितलं. निळ्यावर तळहाताएवढा पांढऱ्या टाक्यांचा चौकोन.

"हे हो काय? ही कसली नक्षी?"

"हे... हल्ली अशी..." काकांची नजर माझ्याकडे वळली. 'हल्ली अशी फॅशन आहे' हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. आणि खरं सांगते, मलाही वाटलं की बोलून टाकावं, सुटावं सगळ्यांनी. मी कुठे खरं बोलले होते?

"नाही," काका म्हणाले. "तुमचं भोक वाटाण्याएवढं होतं. ते मी मोठं केलं. मला बारीक दिसत नाही, पाच महिने झाले. कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला तीन महिने 'उद्या या' म्हणालो ते खोटं. त्या दिवशी तुम्ही हाका मारल्यात, तेव्हा मी आतच होतो. दिसणार नाही असं आता मला जमत नाही. हे जमतं. हे मी या वहिनींकडून शिकलो."

शेजारच्या दुकानात किल्ली घासल्याचा आवाज येत होता, तोही नेमका थांबला.

"आत होतात?" बाई म्हणाल्या. "मी डेपोतून दोन गाड्या बदलून येत होते, मास्तर. दोन! पाळी संपवून. पायांचे तुकडे पडलेले असायचे. त्या दिवशी तर वाटलं, तुम्हाला आत काही झालंबिलं तर नाही. मी किल्लीवाल्याला विचारून गेले."

"हो."

"अहो, हो काय? भोक मोठं झालंय, एवढं सांगायला काय झालं होतं?"

काका उभे होते तसेच उभे राहिले, हात बाजूला सोडून, वर्गात छडी खायला उभं राहावं तसे. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं.

बाईंनी कोट काढायला हात वर केला. मग काय वाटलं कोण जाणे, दोन्ही हात पुढे धरून त्यांनी हवेतल्या हवेत स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. मोठं वळण घेतलं. मग उजवीकडे. कोपर वाकलं, टाके वाकले, परत सरळ झाले.

"आखडत नाही कुठे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. आणि मग काकांना, "घालीन मी उद्या. पण राग गेलेला नाही माझा, आधीच सांगून ठेवते."

"हो."

"आणि कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"जे झालं ते."

बाईंनी डबा खांद्याला लावला. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आमचे डोळे दरवर्षी तपासतात, मास्तर. नापास झालं की दुसऱ्या दिवशी गाडी हातात देत नाहीत. तुमचे कुणी तपासले?"

"कुणी नाही."

"मग दवाखान्यात जायला काय धाड भरली होती?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्या बाईंकडे, सरळ.

"दोनदा थांब्यापर्यंत जाऊन आलो," ते म्हणाले. "गाडीच्या पाटीवरचा नंबर वाचता येत नाही, आणि शेजारच्या माणसाला विचारायची लाज वाटते. उद्या तुमची गाडी दवाखान्यावरूनच जाते ना? मी थांब्यावर उभा असेन. गाडी थांबली की मला हाक मारा."